नाकावर राग

स्कूबा डायव्हिंगच्या अख्ख्या संचात अंगाने लहान आणि मानाने मोठा कोण, असं विचारलंत तर हा. याचं नाव मास्क. दोन काचा, भोवती सिलिकॉनची मऊ झालर, नाकासाठी पुढे आलेली एक खोळ आणि डोक्यामागून जाणारा पट्टा, एवढाच याचा देह. मुक्काम पोस्ट दिल्ली. समुद्र इथून हजारएक किलोमीटर लांब, त्यामुळे वर्षातले बहुतेक दिवस साहेब नोएडा, गुरुग्राम नाहीतर द्वारकेतल्या एखाद्या फ्लॅटच्या माळ्यावर, रूम हीटर आणि दिवाळीच्या दिव्यांच्या माळांशेजारी काढतात. यमुना गावातूनच वाहते, पण तिच्या पाण्यात उतरून यानं बघायचं तरी काय?

बुडी मारणं दिल्लीला नवं नाही. हजरत निजामुद्दीनच्या दर्ग्याजवळच्या बावडीत पोरं उंचावरून उड्या टाकायची आणि लोकांनी फेकलेली नाणी तळातून शोधून आणायची. उघड्या अंगाने, उघड्या डोळ्यांनी. त्यांचं याच्यावाचून काही अडलं नाही. अडतं ते आपलं, कारण आपल्याला पाण्याखाली नुसतं जायचं नसतं, तिथे पैसे वसूल होईपर्यंत बघायचंही असतं.

आणि माणसाचा डोळा हवेसाठी बनलेला. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा हवेतून येणारे किरण झकास वाकवतो. पाण्यात मात्र त्याची ताकद जवळजवळ संपते, कारण किरण वाकण्याच्या हिशेबात तो आणि पाणी जवळपास सारखेच. म्हणून सगळं अस्पष्ट. डोळ्यांपुढे हवेचा थर धरला की चित्र पुन्हा लख्ख होतं. ओंजळभर हवा सांभाळायची, एवढंच याचं काम. पण तोरा असा, की समुद्र यानेच धरून ठेवलाय.

दुकानात किंवा मोबाइलच्या पडद्यावर हा मोठा देखणा दिसतो. निळा, पिवळा, काळा कुळकुळीत. दिल्लीचं गिऱ्हाईक आधी रंग बघतं, मग किंमत, मग फोटोत कसा दिसेल ते. तिघांशीही याला कर्तव्य नाही. हा चेहरा बघतो. कपाळ रुंद आहे की अरुंद, नाकाचा दांडा कुठून सुरू होतो, गाल भरलेले की बसलेले, यावर याची पसंती ठरते. महागड्या चेहऱ्याला नापास करून बाजूच्या सामान्य चेहऱ्यावर जाऊन अलगद बसेल. बल्लीमारानच्या गल्लीत कुठल्याही नाकाला बसणारी चष्म्याची फ्रेम मिळते, इथे मात्र नाकानेच बसायला लायक असावं लागतं.

याची पसंती जाणून घ्यायची एक रीत आहे. पट्टा पुढे टाकायचा, म्हणजे त्याची मदत नको. मान जरा मागे करायची, मास्क चेहऱ्यावर नुसता ठेवायचा आणि झालर सगळीकडे टेकली का ते बोटाने चाचपायचं. मग मान सरळ करून नाकाने अगदी हलका श्वास आत घ्यायचा. राहिला, तर स्थळ जमलं. जोरात ओढून कुठलाही मास्क चिकटतो, ती जबरदस्ती झाली. पुढची पायरी बहुतेक जण विसरतात: हीच परीक्षा तोंडात माउथपीस, म्हणजे हवेच्या नळीचं टोक, धरून पुन्हा द्यायची. माउथपीस आलं की वरचा ओठ ताणला जातो, गाल हलतात, आणि मघाशी राजी असलेले साहेब ओठाच्या वर फट ठेवून मोकळे होतात.

मिशी याला सहन होत नाही. हरियाणाच्या वेशीवर राहून हा असा हट्ट धरतो, हे धाडसच. नाकाखालच्या केसांमधून पाणी थेंबाथेंबाने आत येतं. मिशीवाल्यांनी यावर तोड काढली आहे: नाकाच्या लगेच खालची एक बारीक पट्टी साफ करायची, किंवा तिथे सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवायचा. मिशी राहते, याचाही मान राहतो. बायकांच्या बाबतीत याचा राग बटांवर असतो. कपाळावरची एक बट झालरीखाली सापडली की तीच पाण्याला वाट दाखवते. नाकात चमकी असेल, तर कान मोकळे करायला नाक चिमटीत धरताना ती टोचते. म्हणून उतरण्याआधी केस मागे आणि चमकी डबीत.

विनोदाचंही याला वावडं आहे. पाण्याखाली कुणी हसलं की गालांवर चुण्या पडतात, झालर उचलली जाते, आणि पाणी आत. बरोबरच्याच्या पायातला फिन निसटला, खेकड्याने कुणाला पळवलं, तरी चेहरा सरकारी कार्यालयातल्यासारखा ठेवावा लागतो. जुने डायव्हर मनातल्या मनात हसायला शिकलेले असतात.

पण याचा खरा स्वभाव कळतो तो पट्ट्यापाशी. दिल्लीतल्या एखाद्या तलावावर रविवारी सकाळी शिकाऊ मंडळी बघा. मास्कमध्ये चमचाभर पाणी येतं, आणि हात आपोआप बकलाकडे जातो. गळतंय ना, मग आवळा. नळ गळला की आपण हेच करतो. आवळल्यावर आणखी गळतं, मग आणखी आवळायचं. शेवटी कपाळावर लाल वळ, नाकाच्या दांड्यावर कळ, आणि मास्कमध्ये पाणी आहेच. काठावरून प्रशिक्षक ओरडत असतो, "सर, ढीला करो. और ढीला. और!"

प्रशिक्षकाचं खरं असतं. झालर मऊ आहे म्हणूनच ती चेहऱ्याच्या चढउतारांवर टेकते. ताणली की तिची कड मुडपते आणि नवी फट तयार होते. शिवाय खोल गेल्यावर पाण्याचा दाबच मास्कला चेहऱ्यावर टेकवून ठेवतो. पट्ट्याने फक्त तो इकडेतिकडे भटकणार नाही एवढं बघायचं. पट्ट्याचा रुंद भाग डोक्याच्या मागे, सर्वांत फुगीर जागी असावा. मानेकडे घसरला तर मास्क खाली ओढला जातो, टाळूकडे चढला तर वर. मानपानासाठी टपून बसलेल्या वरपक्षाच्या मामांसारखा हा आहे: आग्रह केला की रुसतो, सोडून दिलं की आपसूक पंगतीला येऊन बसतो.

नोव्हेंबरात याचा एक चुलतभाऊ दिल्लीत घरोघर दिसू लागतो, तो एन-९५. धुरकं दाटलं की त्याचे दिवस येतात. दोघांचे धंदे वेगळे, एक धूर बाहेर ठेवतो, दुसरा पाणी. दुखणं मात्र एकच: कड चेहऱ्याला नीट टेकली नाही तर सगळं व्यर्थ. एकाचं वैर दाढीशी, दुसऱ्याचं मिशीशी. नाकाच्या दांड्याशी फट राहिली की चुलतभाऊ चष्म्यावर वाफ सोडतो. वाफेचा हा शौक घराण्यातच आहे.

कारण आमचे साहेबही धुकं पांघरतात. कारखान्यातून येताना नव्या काचेवर सिलिकॉनचा न दिसणारा थर असतो. उबदार श्वासाची वाफ त्यावर बारीक थेंबांनी बसते, आणि आठ मीटरवरचं प्रवाळ पालमच्या धावपट्टीवरच्या जानेवारीतल्या पहाटेसारखं दिसू लागतं. उपाय घरातला आहे. साधी पांढरी टूथपेस्ट काचेच्या आतल्या बाजूला चोळायची, धुवायची, पुन्हा चोळायची. काही जाणते लायटरची ज्योत काचेवर फिरवून तो थर जाळतात. झालर आणि चौकट वाचवण्याइतका हात स्थिर असेल तरच हे करावं, आणि काच टेम्पर्ड असल्याची खात्री करून.

एवढं झाल्यावरही प्रत्येक बुडीआधी याला एक नैवेद्य लागतो, तो थुंकीचा. हजारो रुपये मोजून आणलेली वस्तू, आणि तिच्यावर थुंकायचं, याला दक्षिण दिल्लीतली मंडळी पहिल्यांदा तयार होत नाहीत. कोरड्या काचेवर थुंकी चोळून एकदा हलकेच विसळली की वाफेचे थेंब जमत नाहीत, पातळ पसरतात. फारच किळस वाटली तर पाण्यात मिसळलेला बेबी शाम्पू चालतो. सनस्क्रीन लावलेलं तोंड मात्र याला अजिबात चालत नाही. तेलकट चेहऱ्यावरून हा घसरतो, आणि ते तेल काचेला लागलं की धुकं ठरलेलं.

हा थापाड्या आहे, हेही सांगून ठेवतो. पाणी, काच आणि हवा अशा वळणांनी प्रकाश आत येतो, त्यामुळे चार मीटरवरचा मासा हा तीन मीटरवर दाखवतो, आणि दिसतो तो तिसऱ्या हिश्श्याने मोठा. डायव्हरच्या गप्पांतला हाताएवढा मासा कुठून येतो ते आता कळलं असेल. नवशिके शंखाला हात लावायला जातात आणि हात अलीकडेच थांबतो. माणूस चार बुड्यांत हिशेब शिकतो. गप्पांमध्ये तो हिशेब वापरत नाही, इतकंच.

चष्मेवाल्यांचा मात्र याने विचार केलेला आहे. काही मॉडेलमध्ये अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या पायऱ्यांनी तयार काचा बसवून मिळतात. चाळिशी लागलेल्यांसाठी खालच्या भागात जवळचा नंबर असलेल्या काचाही असतात, म्हणजे मासा दिसला पण सिलिंडरमधली हवा किती उरली तो काटा वाचता आला नाही, असं होत नाही.

याची हवेची भूक लोकांच्या लक्षात येत नाही. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो आणि बंदिस्त हवा निम्म्यावर येते. मास्कमधलीही. खाली जाताना नाकातून अधूनमधून जराशी हवा याला दिली नाही, तर हा चेहराच आत ओढू लागतो. चेहऱ्यावर वर्तुळ उमटतं, डोळे लाल होतात, घरचे विचारतात काल कुठे होतास. पोहण्याचे गॉगल इथे कामाचे नाहीत ते यामुळेच: त्यांच्यात नाकच नाही, तर हवा देणार कुठून? सगळा चेहरा झाकणारा स्नॉर्केलिंगचा मास्कही पृष्ठभागापुरताच. स्कूबासाठी तो नाही.

आपल्याला घाबरणाऱ्यांना हा बरोबर ओळखतो. नवशिक्यांच्या ओपन वॉटर कोर्सचा तलावातला भाग दिल्लीत उरकतात आणि समुद्रातल्या बुड्यांसाठी अंदमान, गोवा किंवा पुदुच्चेरी गाठतात. तलावातल्या त्या सरावात मास्क मुद्दाम पाण्याने भरून पुन्हा रिकामा करायचा असतो, पूर्ण काढून पुन्हा चढवायचाही. मोठ्या कंपन्यांचे मोठे अधिकारी इथे डोळे गच्च मिटून उभे राहतात. कृती सोपी आहे: वरची कड बोटांनी दाबायची, वर बघायचं, नाकाने सावकाश श्वास सोडायचा, हवा वर चढते, पाणी खालून निघून जातं. जोर लावणाऱ्याची हवा वरच्याच कडेने निसटते आणि पाणी आत राहतं. इथेही घाई करणारा हरतो.

याचं गणगोत मोठं आहे, आणि त्यांच्यात काही झालं की चिडतो हाच. माउथपीस घ्या. भीतीने माणूस ते दातांनी चावून धरतो, तासाभराने जबडा ठणकतो, ओठ सैल पडतात. ते ओठांनी धरायचं, दातांनी नुसतं अडवायचं. फिन्समध्ये बोटं आखडली तर पोटरीत गोळा येतो. बूट घालून वापरायचे फिन्स बूट घालूनच मापून बघावेत. बीसीडी, म्हणजे हवा भरायचं जाकीट, दुकानातच पूर्ण फुगवून बघायचं. फुगल्यावर छाती भरून श्वास घेता आला नाही तर पोटपट्टा सैल करायचा किंवा माप बदलायचं.

नात्यात कडक शिस्तीचेही दोघं आहेत, त्यांना सैलपणा खपत नाही. एक वेटसूट. तो अंगाला बसलाच पाहिजे, नाहीतर आत पाणी खेळत राहतं आणि ऊब जाते. मेमध्ये दिल्लीच्या खोलीत तो चढवून बघणं ही शिक्षाच आहे. पायाला प्लास्टिकची पिशवी घातली की तो सरकतो, आणि तो नखांनी नाही तर बोटांच्या पेरांनी ओढायचा. फक्त गळ्याशी आवळत असेल तर माप चुकलं. दुसरा सिलिंडरचा पट्टा. तो कोरडा आवळला तर पाण्यात सैल पडतो, म्हणून आधी भिजवायचा, मगच आवळायचा.

राहता राहिला वजनांचा पट्टा. याच्याबाबत दिल्लीकरांची हमखास फसगत होते, कारण तलावाचं पाणी गोडं. समुद्राचं खारं पाणी जड, ते माणसाला जास्त वर उचलतं. डायव्हर आणि सामान मिळून शंभर किलो भरत असेल, तर समुद्रात अडीचएक किलो वजन जास्त लागतं. म्हणून तलावात बसलेला हिशेब किनाऱ्यावर पुन्हा मांडायचा: बीसीडी रिकामं, श्वास नेहमीसारखा भरून धरलेला, आणि पाण्याची रेषा डोळ्यांपाशी. सिलिंडर भरलेला असेल तर त्यातली संपणारी हवाही दोनएक किलोची, ती हिशेबात धरायची. भीतीपोटी वजन जास्त बांधलं की माणूस बीसीडी फुगवत बसतो, धापा टाकतो, नाकाने श्वास सोडतो. नाकाची हवा झालर उचलते, काच धुरकटते. मग बोट आमच्या साहेबांकडे: मास्कच खराब आहे!

दिल्लीचं हवामान याला मानवत नाही. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांत बंद गाडीच्या मागच्या काचेपाशी ठेवला तर सिलिकॉनचा आकार बिघडतो. पारदर्शक झालर काळ्या रबराला चिकटून पडली तर पिवळी पडते. म्हणून याला स्वतःची कडक डबी लागते, बुडीनंतर गोड्या पाण्याची आंघोळ लागते आणि सावलीत वाळवणं लागतं. एवढे लाड पुरवले की वर्षानुवर्षं टिकतो. आंधीच्या दिवसांत डबी उघडी राहिली तर ती बारीक धूळ बकलाच्या दातांत जाऊन बसते.

मराठी घरातला मास्क असेल तर याचा वार्षिक दौरा ठरलेला. निजामुद्दीनहून कोकण रेल्वेने जाणारी गाडी, तीही कोणती, तर मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस. नावात द्वीप असूनही ती कुठल्याच बेटावर जात नाही. मुक्काम मालवण. १९८७ साली इथलं सागरी अभयारण्य जाहीर झालं. १६६४ साली शिवाजी महाराजांनी पाया घातलेल्या सिंधुदुर्गाच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहे, मासे आहेत. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही आहे. दौरा ऑक्टोबर ते मे या काळातच. पावसाळ्यात दर्या कुणालाच विचारत नाही.

तिथल्या होडीवर याची सगळी दिल्लीची ऐट उतरते. मालवणी पोरगा एक नजर टाकतो, पट्टा दोन दात सोडतो आणि म्हणतो, "आवळू नको रे तेका." तेवढ्यात काम झालेलं असतं. मास्क कपाळावर चढवून फोटो काढायलाही तोच मना करतो. कपाळावरचा मास्क लाटेने कधी जातो कळत नाही, आणि जुन्या रिवाजात ती अडचणीत असल्याची खूण मानतात. होडीवर याची जागा गळ्यात.

याच्यासाठी खर्च करावा की नाही, असं विचाराल. करा, आणि संचात सर्वांत आधी याच्यावर करा. सिलिंडर, बीसीडी, रेग्युलेटर, वजनं किनाऱ्यावर भाड्याने मिळतात आणि बहुतेकांना चालतात. तुमच्या चेहऱ्याला पसंत करणारा मास्क तिथल्या टोपलीत असेलच असं नाही. विमानाने गेलात तर हातातल्या बॅगेत न्या, खाली सामानात टाकू नका. मित्राला उसना देऊ नका. मित्राच्या तोंडाला तो बसणार नाही आणि दोष तुमच्याकडे येईल. घ्यायला जाताना मिशी नेहमी ठेवता तशी ठेवून जा, खिशात माउथपीस असू द्या, रंग सर्वांत शेवटी बघा. आणि दुकानदार चेहऱ्यावर मास्क ठेवून आधी पट्टाच आवळू लागला, तर आभार मानून दुसरं दुकान गाठा.